तुकडे जुने, सांधा नवा

नॉर्वेत खिडकीला 'विंदू' म्हणतात. त्या देशात नॉर्वेजियन लिहिण्याची दोन अधिकृत रूपं आहेत, बोकमोल आणि नीनोर्स्क. 'विंदू' हे बोकमोलमधलं. नीनोर्स्कमध्ये तोच शब्द 'विंदौगे' असा लिहितात आणि मग त्याची शिवण दिसते: विंद म्हणजे वारा, औगे म्हणजे डोळा. या एवढ्याशा शब्दावरून मामा-भाचीत जुंपली. मामा वाईचे, निवृत्त संस्कृत शिक्षक. भाची वास्तुरचनाकार, नॉर्वेतली जुनी लाकडी घरं दुरुस्त करणारी. दोघंही काल्पनिक आहेत. भांडण मात्र खरं आहे आणि जुनंही: शब्दाच्या पोटातला मूळ अर्थ किती मोजायचा? यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात, शाकटायन आणि गार्ग्य याच मुद्द्यावर समोरासमोर उभे आहेत.

मामा: वाऱ्याचा डोळा! अगं, कडाक्याच्या थंडीत चार ओंडक्यांच्या भिंतींत कोंडून राहणारी माणसं. त्यांनी एक भोक ठेवलं आणि त्याला डोळा म्हटलं. आपल्याकडे वातायन आहे, गवाक्ष आहे. एकात वारा, दुसऱ्यात डोळा. त्यांनी दोन्ही एकाच शब्दात बसवले. आणि तू म्हणतेस यात विशेष काही नाही?

भाची: विशेष तुला वाटतं, कारण तुला तो शब्द सोलून दिलाय. ऑस्लोतल्या एखाद्या शाळकरी पोराला विचार. वाऱ्याला तो 'विन' म्हणतो. लिहिताना शेवटी 'द' लिहितात, बोलताना गिळतात. डोळ्याला म्हणतो 'ओय्ये'. आणि खिडकीला 'विंदू', त्यात मात्र 'द' खणखणीत. आता विन आणि ओय्ये मिळून विंदू होतं, हे त्या पोराला कुठून ऐकू येणार? त्याच्या लेखी विंदू म्हणजे विंदू.

मामा: ऐकू येत नाही म्हणून नाहीच, असं कसं? हा विंदू झाला कसा ते तरी सांग.

भाची: डेन्मार्कच्या कृपेने. 1814 पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होतं. लिहिणं, छापणं, कोर्टकचेरी, सगळं डॅनिशमध्ये. डॅनिशमध्ये हा शब्द झिजून 'विंदुए' झाला होता. डोळ्याचं फक्त शेपूट उरलं. नॉर्वेच्या शहरी मंडळींनी तेच उचललं आणि बोकमोलमध्ये ते शेपूटही कापलं गेलं.

मामा: आणि नीनोर्स्कमध्ये डोळा परत कुणी बसवला?

भाची: परत बसवावा लागलाच नाही, तो खेड्यात होताच. ईवार ओसेन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा 1842 ते 1846 अशी चार वर्षं देशभर फिरला, खोऱ्याखोऱ्यांतल्या बोली टिपत. 1848 मध्ये व्याकरण काढलं, 1850 मध्ये कोश. राजधानीतल्या लोकांना ज्या भाषेची लाज वाटायची, तिची त्याने लेखी भाषा उभी केली. 1885 मध्ये संसदेने दोन्ही रूपांना सारखा दर्जा दिला. तेव्हापासून नॉर्वेला लेखी खिडक्या दोन.

मामा: बघ! म्हणजे डोंगरातल्या लोकांनी डोळा जपला, दरबारी लोकांनी घालवला. असं झालं की मला फार बरं वाटतं.

भाची: त्यांनी जपलाबिपला काही नाही, मामा. त्यांच्या बोलीत डोळ्याला 'औगा'च म्हणत, म्हणून खिडकीतही औगा टिकला. बोली सांभाळायची म्हणून कुणी बोलत नसतं.

मामांना हे पटलं नाही. पण त्यांचा हुकमाचा पत्ता वेगळाच होता.

मामा: बरं, तो 'विंद' घे. लॅटिन 'वेंतुस', हा 'विंद' आणि आपला 'वात'. एकच शब्द. धातू 'वा', वाहणं. आणि त्यात एक गंमत आहे, ती तुमच्या नॉर्वेजियन प्राध्यापकांनाही वेदाकडे येऊनच कळली. ऋग्वेदात काही ऋचांत 'वात' दोन अक्षरांचा मोजला तर छंद मोडतो. तिथे तो तीन अक्षरांचा म्हणावा लागतो, व-अ-त, जणू मधून काहीतरी गळून पडलंय आणि त्याची जागा अजून रिकामी ठेवलीय. पाठ करणाऱ्याने लांबट 'वा' म्हणायचं आणि पुढे जायचं; छंद मात्र गळलेल्याचा हिशेब ठेवतो. पारशांच्या अवेस्तातही तेच!

भाची: हे मला आवडतं. इथे खरा पुरावा आहे, नुसतं 'ऐकायला सारखं वाटतं' असं नाही.

मामा: ऐक ना पुढे. 1878 च्या डिसेंबरात सोस्यूर नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं, मूळ भाषेत असे काही वर्ण असले पाहिजेत जे नंतर सगळीकडे नाहीसे झाले आणि जाताना शेजारचा स्वर लांबवून गेले. हातात एकही नमुना नाही, नुसतं गणित. मग 1915 मध्ये ह्रोझनी नावाच्या अभ्यासकाने तुर्कस्तानातल्या मातीच्या विटांवरची हित्ती भाषा उलगडली. ती भाषा आपल्याच कुळातली निघाली आणि त्यातले काही वर्ण तिथे जिवंत सापडले. हित्तीत वाऱ्याला काय म्हणतात माहितीये? 'हुवंत'. पुढे तो 'ह' बघ! या एका शब्दातून दोन वर्ण गळालेत. सुरुवातीच्याची खूण हित्तीत, मधल्याची आपल्या वेदात. आणि तुझ्या ऑस्लोच्या पोराच्या तोंडात 'विन'. चार-पाच हजार वर्षांचा वारा आहे हा.

भाची: वारा आहे, कबूल. खिडकी नाही.

मामा: म्हणजे?

भाची: तू आत्ता वाऱ्याचं वय सांगितलंस. खिडकीचं नाही. विंद जुना, औगा जुना, पण 'विंदाउगा' हा जुन्या नॉर्स भाषेतला जोड उत्तरेकडच्या लोकांनी खूप नंतर केला. आमच्या कामात हे रोज दिसतं. तीनशे वर्षांच्या ओंडक्याला परवाचा ओंडका जोडलेला असतो. तुकडे जुने, सांधा नवा. वातायन आणि विंदाउगा हे एका पूर्वजाकडून आलेले शब्द नव्हेत. दोन ठिकाणच्या लोकांना वारा माहीत होता, भोक माहीत होतं. त्यांनी आपापल्या घरात आपापला जोड केला. तू मात्र त्या सांध्यालाही पाच हजार वर्षांचं म्हणायला बघतोस.

इथे मला भाचीची बाजू घ्यावी लागते. दोन भाषांत सारखा जोडशब्द दिसला की आपण लगेच वंशावळ काढायला बसतो. वंशावळ तुकड्यांची असते. सांध्याची क्वचितच.

मामा: बरं. मग 'औगा'च घे. औगा आणि अक्षि. यात तरी वाद नाही ना?

भाची: थोडा आहे. लॅटिन 'ओक्युलुस', लिथुएनियन 'आकिस', तुझं अक्षि, जुन्या स्लाव्ह भाषेतलं 'ओको', यांचं छान जमतं. जर्मानिक गटात मात्र नियमाने गेलं तर तो 'औ' यायलाच नको होता. गॉथिकमध्ये डोळा 'औगो' आणि कान 'औसो'. बऱ्याच अभ्यासकांच्या मते डोळ्याने तो 'औ' कानाकडून घेतला. दोन्ही शब्द नेहमी जोडीने बोलले जातात ना, त्यातून लागलेलं वळण.

मामा: म्हणजे डोळा कानाच्या संगतीने बिघडला.

भाची: बिघडला म्हण, सुधारला म्हण. आणि तू ज्या डोळ्यावर एवढा फिदा आहेस त्याचा त्यांच्या भाषेत आणखी एक रोखठोक अर्थ आहे: भोक. कुऱ्हाडीचा दांडा जिथे बसतो ते भोक म्हणजे कुऱ्हाडीचं औगा. जात्याच्या वरच्या तळीला दाणे टाकायचं तोंड असतं, ते जात्याचं औगा. सुईचं नेढं, तेही औगा. तेव्हा विंदाउगा म्हणजे वाऱ्यासाठीचं भोक. सुताराचा शब्द आहे, कवीचा नव्हे.

मामा: आणि त्या सुताराने भोकाला डोळा म्हटलं तेव्हा तो कवी नव्हता? उसाच्या पेराला डोळा आपल्या शेतकऱ्यानेच म्हटलं. नारळाला तीन डोळे दिले ते कोकणातल्या बाईने. अगं, भोकाला नुसतं भोक म्हणता येत होतंच की.

भाची: पहिल्यांदा ज्याने म्हटलं तो असेल कवी. पण दुसऱ्या दिवशी डोळा लावायला ऊस मागणारा शेतकरी डोळ्यांचा विचार करत नाही. गार्ग्याने हेच विचारलं होतं ना? वाटेवर धावतो म्हणून अश्व, तर मग वाटेवर धावणाऱ्या सगळ्यांनाच अश्व का म्हणत नाही? नाव एकदा चिकटलं की ते त्या वस्तूचं झालं, कारण मागे राहिलं.

मामा: गार्ग्याचं नाव घेतेस काय! यास्काने त्याला उत्तर दिलंय. आणि पाणिनी तुला माहीत नाही. गवाक्ष शब्दात 'अक्षि'चं 'अक्ष' का झालं? त्याला सूत्र आहे, 5.4.76. समासाच्या शेवटी अक्षि आलं आणि ते बघण्याचं इंद्रिय नसेल, तर त्याचं रूप बदलतं. गायीच्या डोळ्यासारखं ते गवाक्ष. जिथे खराखुरा डोळा सांगायचा तिथे तत्पुरुषात अक्षि तसंच राहतं.

भाची: (उठून बसत) पुन्हा सांग.

मामा: बघण्याचं इंद्रिय नसेल तर रूप बदलतं.

भाची: मामा, हे तर माझ्या बाजूचं सूत्र आहे! तुझा पाणिनी म्हणतोय की डोळा खिडकी झाला की तो डोळा राहत नाही आणि ते शब्दाच्या अंगावरही दिसतं. डॅनिशमध्ये औगे झिजून 'उए' झालं, ते आपसूक. तुमच्याकडे तर त्याचा नियमच करून ठेवला.

मामा: इतकी खूश होऊ नकोस. कमलाक्ष शब्दात डोळे खरेच आहेत, तिथेही अक्षच होतं. बहुव्रीही आहे, त्याला वेगळं सूत्र, 5.4.113. आणि दुसरं म्हणजे, 'इथे डोळा नाही' असं सूत्रात सांगायला पाणिनीला गवाक्षात डोळा दिसावा लागला. विसरलेल्या गोष्टीचा अपवाद कुणी करत नाही.

भाची: पाणिनीला दिसला. गवाक्षापाशी बसून सुपारी कातरणाऱ्याला दिसत होता का, हा प्रश्न आहे.

याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. मामांनी चहा मागवला. नंतरची पंधरा-वीस मिनिटं भाचीच बोलली. ती जे सांगत होती त्यात वाद घालण्यासारखं फार काही नव्हतं. ते एका घराबद्दल होतं.

भाची: ऑस्लोच्या बिग्दॉय भागात नॉर्स्क फोल्केमुसेउम आहे, 1894 साली स्थापन झालेलं. खेड्यापाड्यांतली जुनी घरं उचलून आणून तिथे उभी केलीत. त्यातलं एक 'रौलांदस्तुआ', नूमेदाल खोऱ्यातल्या उव्दालचं, तेराव्या शतकातलं. दाराच्या चौकटीवर रून लिपीत कोरलेलं आहे. दार बुटकं, उंबरा उंच; वाकून पाय उचलायचा आणि आत जायचं. आत गेलं की काही क्षण काही म्हणजे काही दिसत नाही. भिंतीला एकही खिडकी नाही. जमिनीच्या मध्यावर दगड रचून केलेली चूल, धुराडं नाही. धूर वर जातो, आढ्याखाली साठतो आणि छपरातल्या चौकोनी भोकातून बाहेर पडतो. त्या भोकाला 'ल्योरे' म्हणतात. उजेड येतो तोही तिथूनच. पाऊस आला, धूर निघून गेला, की भोक झाकायचं. त्यासाठी एक लाकडी चौकट असते. तिच्यावर जनावराच्या पोटातला पातळ पडदा ताणून वाळवलेला. त्याचं नाव 'श्यो'. काच माहीत नव्हती असं नाही, परवडत नव्हती. तो पडदा पिवळट, तेलकट कागदासारखा दिसतो. आरपार दिसत नाही, पण उजेड झिरपतो. चौकटीला एक लांब काठी लटकवलेली असते. खाली उभं राहून काठीने श्यो वर ढकलायचा किंवा ओढून घ्यायचा. घरातला सगळा प्रकाश आणि सगळा धूर त्या एका काठीच्या ताब्यात.

मामा: गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपले लावायचे, तसं काहीसं.

भाची: अगदी तसंच काम. तर ज्यांनी 'विंदाउगा' हा शब्द केला, त्यांचं घर हे असलं. छपरात नाहीतर भिंतीच्या पार वरच्या अंगाला ठेवलेलं बिनकाचेचं भोक. बाहेर बघायला नव्हेच. आमच्या तिथल्या जुन्या लाकडी चर्चमध्ये अशी वीतभर भोकं छपराच्या वळचणीशी असतात. त्याच म्युझियममध्ये गोल नावाच्या गावातून आणलेलं एक चर्च आहे. (गोलच्या चर्चची भोकंही गोलच आहेत, हे मामांना सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही.) तिथून कुणी बाहेर डोकावू शकत नाही. म्हणून मी म्हणते, डोळा म्हणजे नजर, दृष्टी वगैरे त्यात भरू नकोस.

मामा: आणि ल्योरे? तो शब्द कुठला?

भाची: 'ल्योस' म्हणजे उजेड, त्याच्याशी नातं.

मामा: म्हणजे 'रुच्', रोचना, आणि आपला 'लोक'! मूळ एकच, चमकणं. एकाच भोकाला त्यांनी दोन नावं दिली. उजेडाच्या अंगाने ल्योरे, वाऱ्याच्या अंगाने विंदाउगा. अगं, तूच माझं काम केलंस. ते घर पाहिल्याशिवाय मला हा शब्द कळला नसता, आणि हा शब्द नसता तर त्या घरात खिडकीतून आधी काय यायचं ते तुला कळलं नसतं. वारा! दृश्य नव्हे, वारा.

भाची थांबली. मामांचा हा मुद्दा खरा आहे आणि मला वाटतं त्या दिवसातला सगळ्यात भक्कमही. मूळ अर्थ आजच्या बोलणाऱ्याला बांधून ठेवत नाही. पण ज्या घरात शब्द घडला त्या घराचा नकाशा त्यात उमटून राहतो.

भाची: नकाशा मिळतो, मान्य. पण पुढे बघ काय झालं. चूल मधून उठून कोपऱ्यात गेली, तिला धुराडं आलं, ल्योरे बुजलं. भिंतीला काचेच्या खिडक्या आल्या. 1741 मध्ये नॉस्तेतांगेनला नॉर्वेतला पहिला काचकारखाना सुरू झाला. आज मी ज्या खिडक्या बसवते त्यांना काचेचे तीन थर असतात. वाऱ्याची एक झुळूक आत आली तर गिऱ्हाईक मला फोन करतं. नाव वाऱ्याचं, काम वारा अडवायचं. नाव बदलायला हवं असं एकालाही वाटलं नाही, कारण त्यात वारा आहे हे कुणाच्या लक्षातच नाही.

मामा: शेजाऱ्यांनी तर सरळ दुसरा शब्द उचलला. जर्मनांचा 'फेन्स्टर' लॅटिनमधून आला ना?

भाची: हो, 'फेनेस्त्रा'. दगडी भिंत, तळघर, स्वयंपाकघर यांचे शब्दही त्यांनी रोमनांकडूनच घेतले. स्वीडिशमध्ये 'फॉन्स्तेर', आइसलंडमध्ये 'ग्लुग्गी'. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात 'औगादौरो', डोळा-दार. जुन्या इंग्रजीत डोळा-भोक. मग उत्तरेकडून नावा आल्या, माणसं इंग्लंडात वसली आणि तेराव्या शतकापासून इंग्रजीत 'विंडो' दिसायला लागला. तो नॉर्स विंदाउगाच. आयरिश लोकांचं 'फुइन्योग' तेच. गोव्याच्या कोकणीतलं 'जनेल' पोर्तुगीजांकडून आलं, त्याचा मूळ अर्थ लहानसं दार. म्हापशाच्या बाईला जनेल उघडताना दार आठवतं का, विचारून ये.

मामा: म्हणजे मी एस.टी.त 'विंडो सीट द्या' म्हणतो ते...

भाची: व्हायकिंगांचं भोक मागतोस.

मामा: आणि त्याच शब्दातला 'वात' माझा. घरचाच माल, फिरून आला. आता बघ, मला परवा मोबाइलवर आलं होतं की स्कॅंडिनेव्हिया म्हणजे 'स्कंदनावी', कार्तिकेयाच्या नावा...

भाची: मामा!

मामा: अगं, मी पुढे पाठवलं नाही. मलाही कळतं. 'स्कॅंडिनेव्हिया'चं जुनं रूप प्लिनीच्या लॅटिनमध्ये सापडतं, आणि त्याचा शेवटचा तुकडा पाण्याकाठच्या भूमीचा, बेटाचा आहे. कानाला सारखं लागलं की संस्कृत, हा धंदा मीही मानत नाही. शब्द जुळवायचे तर नियमाने. व-अ-त मधला तो गळलेला वर्ण नियमाने सापडला म्हणून त्याला किंमत.

भाची: एवढं तू वर्गात शिकवलं असतंस तर निम्मे फॉरवर्ड थांबले असते. रास्मुस रास्क माहितीये ना? डॅनिश माणूस. जुन्या नॉर्सची कुळी शोधणारा त्याचा निबंध 1818 मध्ये छापला गेला. ग्रीक, लॅटिन, स्लाव्ह या सगळ्यांशी तुलना. आवाज कसे पद्धतशीर बदलतात ते त्याने दाखवलं. त्यात संस्कृत नव्हतंच. मग तो रशिया, इराणमार्गे निघाला आणि 1820 मध्ये मुंबईला पोचला. पारशी दस्तुरांकडे अवेस्ता शिकला आणि हस्तलिखितं कोपनहेगनला घेऊन गेला. तुझ्या त्रिअक्षरी वाताची अवेस्तातली साक्ष तपासायला लोक त्या हस्तलिखितांकडेही जातात.

मामा: म्हणजे खिडकीतला वारा शोधायला मुंबईला यावं लागलं.

भाची: तो खिडकीसाठी आला नव्हता.

मामा: तू फार कोरडी आहेस. बरं, तुझ्या नकाशावर तू काय लिहितेस? विंदू की विंदौगे?

भाची: अर्जदार लिहील ते. तिथे कायदा आहे. नागरिकाने केंद्रीय कचेरीला ज्या रूपात पत्र लिहिलं, त्याच रूपात कचेरीने उत्तर द्यायचं. जुन्या घराच्या खिडक्यांसाठी अनुदान मागताना मालकाने नीनोर्स्कमध्ये 'विंदौगे' लिहिलं असेल तर मंजुरीच्या पत्रातही विंदौगेच येतं. बोकमोलमध्ये लिहिलं तर विंदू.

मामा: म्हणजे सरकारदरबारी डोळा शाबूत आहे.

भाची: अर्जात लिहिला तर.

मामा: आणि पैसे?

भाची: ते दोन्ही रूपांत उशिराच येतात.